वांगणीच्या फौजदारापुढचा शॉट

मुंबईहून कर्जतकडे जाताना बदलापूर गेलं की वांगणी लागतं. १९१२ साली या गावात एक टोळी उतरली, ढाली-तलवारी आणि भाल्यांसकट. दरोडेखोर आले म्हणून गावकऱ्यांनी पाटलाला खबर दिली, पाटलाने फौजदाराला, आणि फौजदाराने सगळ्यांना पकडलं. तलवारी लाकडाच्या आहेत, आपण हरिश्चंद्राची गोष्ट ‘काढतोय’, हे सांगून काही उपयोग झाला नाही. असं काही काढता येतं, हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं. मागाहून पोचलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा उभा केला, मंडळींकडून एक प्रसंग करून घेतला आणि हँडल फिरवलं. फौजदाराची खात्री पटली, माणसं सुटली. कॅमेऱ्यात फिल्म मात्र नव्हती. परदेशातून मागवलेली महागडी चीज फौजदाराच्या समाधानासाठी कोण जाळणार?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पडद्यावर तो मुका होता. पडद्यामागे मात्र गलका, आणि तो बहुतेक मराठीत. त्या गलक्यात एक अपघातही घडला. हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं, काम करणारा फाळक्यांचा मुलगा भालचंद्र वांगणीतच खेळताना खडकावर पडला आणि बेशुद्ध झाला. युनिटमधल्या काहींचं म्हणणं पडलं की मुंबईला परतावं. पण चितेवरच्या मृत रोहिदासाचा प्रसंग राहिला होता, आणि तो त्याच अवस्थेत उरकला गेला, अशी हकीकत सांगितली जाते. आजचा वाचक इथे थबकतो, आणि त्याने थबकावंच.

या साऱ्या खटाटोपाचं बिऱ्हाड होतं दादरच्या घरात. सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, त्यांचे कपडे धुवत. दिवसा चित्रीकरणात उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून उभ्या राहत. रात्री घर झोपलं की अंधारात फिल्मला भोकं पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम सुरू होई, कारण कच्ची फिल्म भोकांशिवाय येत असे. केटरिंग, ड्रेसदादा, लाइटमन, कॅमेरा असिस्टंट, लॅब अशी आज वेगवेगळी खाती असतात. तेव्हा ती एकाच बाईच्या अंगावर होती, घरची पोरंबाळं सांभाळून. चित्रपटाच्या इतिहासात दागिने गहाण टाकणारी पत्नी म्हणून त्यांचं कौतुक होतं. त्यांच्या हातातल्या कामाची जंत्री क्वचितच कुणी मांडतो.

हरिश्चंद्राची राणी तारामती झालेले अण्णा साळुंके आधी हॉटेलात स्वयंपाकी होते. बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला लावणं हे फाळक्यांपुढचं आणखी एक संकट, कारण बाप हयात असताना मिशी उतरवणं अशुभ मानलं जाई.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. कॅमेरा त्यांनी स्वतःच बनवला होता. तरी कामाचा दिवस सूर्याच्या ताब्यातच राहिला. ढग आला की थांबा, ऊन कलू लागलं की घाई करा. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम दिवे वापरले आणि या पारतंत्र्यातून थोडीशी सुटका करून घेतली.

मग आला बोलपट, आणि ऊन नव्हे तर आवाज डोईजड झाला. ‘अयोध्येचा राजा’च्या (१९३२) काळात गाणं, संवाद, वाद्यं हे सगळं एकाच वेळी ध्वनिमुद्रित व्हायचं. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दबकून बसत. मोकळ्या माळावर ते जमणं अवघडच. म्हणून प्रभातसारख्या कंपन्यांनी जग स्टुडिओत उभं केलं. बाहेरगावी चित्रित केलेल्या दृश्यांचे संवाद पुढे स्टुडिओत डब होऊ लागले, तेव्हा कुठे गावात कोंबडं आरवलं तरी दिग्दर्शकाचा रक्तदाब वाढेनासा झाला.

सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच आवाज टिपणं, आल्यावर ती सवलतही संपली. आता टेकच्या आधी कुणीतरी सायकल मारत जाऊन पिठाची गिरणी थोडा वेळ बंद ठेवायची विनंती करतं, रस्त्यावरचा ट्रॅक्टर अडवतं. स्पॉटबॉयचा चहा, थर्माकोलचा पांढरा पत्रा, जनरेटर, दुपारी झाडाखाली मांडलेली जेवणाची पातेली, संध्याकाळी ‘पॅकअप’ची हाक: लोकेशनवरचा दिवस असा जातो. गावकरी मात्र बदललेत. वांगणीत शूटिंग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आता बघ्यांना फ्रेमबाहेर ठेवणं हेच प्रॉडक्शनच्या पोरांचं मोठं काम.

दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी गावकऱ्यांना बाहेर ठेवण्याऐवजी फ्रेममध्येच घेतलं. ‘फँड्री’तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, त्यांना हलगी वाजवताना सापडला. जेऊर हे त्यांचं स्वतःचं गाव, आणि ‘सैराट’चं (२०१६) बरंचसं चित्रण त्याच करमाळा तालुक्यात झालं. नंतर तिथली पायऱ्यांची विहीर आणि एक वठलेलं झाड बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले, आणि रस्ता विचारणाऱ्यांना पत्ता सांगणं हे गावाला नवंच काम लागलं.