सभेची मिळकत कोणाची?

ज्ञातिसभेच्या स्मरणिकेत स्कॉटलंडमधील एका ख्रिस्ती धर्मसंस्थेची हकीगत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. आपल्या दोन पोटशाखांच्या सभांचे एकीकरण व्हावे, असा ठराव सध्या चर्चेत आहे. आम्ही त्या ठरावाच्या बाजूचे आहोत. परंतु एकीकरणाच्या उत्साहात कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय घडते, याचा जो धडा एका संपन्न धर्मसंस्थेस १९०४ साली मिळाला, तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इ. स. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या राजमान्य धर्मसंस्थेत मोठी फूट पडली. गावचा धर्मोपदेशक कोणी व्हावे हे गावच्या मंडळीने ठरवावे की जमीनदाराने, हा वाद होता. न्यायालये व सरकार जमीनदारांच्या बाजूस गेली. तेव्हा डॉ. थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशकांनी देवळे, राहती घरे व वेतने यांवर पाणी सोडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरीही त्यांना जाऊन मिळाले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्यांपैकीच एक. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे पुढे याच संस्थेचे मिशनरी म्हणून आले. चौपाटीवरील विल्सन कॉलेज व नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यांचे मूळ या फुटीपर्यंत पोचते.

रिकाम्या हाताने निघालेल्या या मंडळींनी लोकवर्गणीतून पुन्हा सर्व उभारले. साठ वर्षांच्या आत देवळे, शाळा, महाविद्यालये, परदेशांतील मिशने आणि लक्षावधी पौंडांचे निधी त्यांच्यापाशी जमले. वर्गणी देणाऱ्यांत डोंगराळ उत्तर भागातील गरीब शेतकरी होते, तसेच ग्लासगोचे धनिक व्यापारीही होते.

३१ ऑक्टोबर १९०० रोजी फ्री चर्चचे ‘युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च’ नावाच्या दुसऱ्या संस्थेशी एकीकरण झाले व ‘युनायटेड फ्री चर्च’ जन्मास आले. महासभेत एकीकरणाच्या बाजूने ६४३ व विरुद्ध अवघी २७ मते पडली. विरोधक बहुतेक उत्तरेकडील डोंगराळ मुलखातले. त्यांचे म्हणणे असे होते की, सरकारने धर्मास आश्रय देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे तत्त्व १८४३ च्या संस्थापकांनी सोडले नव्हते. दुसरी संस्था तर सरकार व धर्म यांचा संबंधच नसावा, असे मानणारी. मग तिच्यात विलीन होणारे लोक मूळ फ्री चर्च कसे राहिले? मूळ संस्था आम्हीच, म्हणून सर्व मिळकतही आमचीच, असा दावा त्यांनी लावला.

लोक हसले. मूठभर माणसे सबंध संस्थेचे धन मागतात, ही त्यांना थट्टा वाटली. १९०१ साली खालच्या न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. १९०२ साली एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. अल्पसंख्याकांनी मात्र लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सकडे अपील केले. १९०३ च्या अखेरीस अपिलाची सुनावणी पुरी होऊन निकाल राखून ठेवण्यात आला.

येथे दैवाने हात घातला. ६ मार्च १९०४ रोजी न्यायाधीशांपैकी लॉर्ड शँड यांचे निधन झाले. न्यायाधीशांची मते समसमान विभागली होती, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. समान मते पडल्यास अपील फेटाळले जाते, हा तेथील नियम. म्हणजे शँड जगते तर संपन्न संस्था बहुधा सुखरूप सुटली असती. त्यांच्या मृत्यूमुळे जून महिन्यात पुन्हा सुनावणी करावी लागली. बहुसंख्य पक्षातर्फे हॉल्डेन यांच्यासारखे तत्त्वज्ञ वकील उभे होते. तथापि १ ऑगस्ट १९०४ रोजी सात न्यायाधीशांपैकी पाचांनी अल्पसंख्याकांच्या बाजूने निकाल दिला. मॅक्नॉटन व लिंडली हे दोघेच विरुद्ध राहिले.

निकालाचे तात्पर्य साधे होते. कोणाचे धर्ममत खरे, याच्याशी न्यायालयास कर्तव्य नाही. दात्यांनी धन विशिष्ट हेतूसाठी विश्वासाने ठेवले आहे. तो हेतू बदलण्याचा अधिकार संस्थेने आपल्या घटनेत राखून ठेवला नसेल, तर केवळ बहुमताच्या बळावर ते धन दुसऱ्या हेतूकडे वळविता येत नाही. एक सभासद जरी मूळ हेतूस धरून राहिला, तरी न्याय त्याची दाद घेतो.

मग काय झाले? शेकडो देवळे, एडिंबरोचे महाविद्यालय व सर्व निधी एका रात्रीत मूठभर लोकांच्या स्वाधीन झाले. एवढ्या देवळांत उपासना चालवावयास त्यांच्यापाशी धर्मोपदेशकही नव्हते. आमच्या मुंबई-नागपूरच्या मिशनांचेही भवितव्य अधांतरी लोंबू लागले. न्याय कायद्याने बरोबर, पण व्यवहाराने अशक्य, असा पेच पडला. शेवटी सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड एल्गिन, जे १८९४ ते १८९९ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. प्लेगच्या दिवसांतील हेच एल्गिन. त्यांच्या अहवालावरून १९०५ साली पार्लमेंटने खास कायदा करून मिळकतीची वाटणी करविली. ज्या गावी किमान एकतृतीयांश मंडळी जुन्या मताची राहिली, तेथील देऊळ त्यांस मिळावे, असे प्रमाण ठरले. उरलेला मोठा भाग बहुसंख्याकांकडे गेला. आपल्याकडची महाविद्यालयेही त्यांच्याच हाताखाली चालू राहिली.

स्कॉटिश लोक या अनुभवातून शहाणे झाले. १९२९ साली युनायटेड फ्री चर्च व राजमान्य धर्मसंस्था यांचे एकीकरण झाले, तेव्हा त्यापूर्वीच १९२१ साली पार्लमेंटकडून कायदा करवून घेऊन धर्मसंस्थेचे अधिकार कोणते, हे स्पष्ट लिहून ठेवले होते. आधी कागद, मग सोहळा, हा त्यांनी क्रम धरला.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या तरुणपणी एका तालुक्याच्या गावी लोकवर्गणीचे एक वसतिगृह होते. त्याच्या चालकांत दोन तट पडले. घटनेची प्रत कोणापाशीच धड नव्हती. वाद न्यायालयात गेला आणि वसतिगृहास कुलूप लागले. तेथील दोन विद्यार्थी आमच्या वर्गात होते. एक चुलत्याकडे राहून शिकला. दुसरा शाळा सोडून गेला, तो पुन्हा फळ्यासमोर बसला नाही. पुढे कोणता तट जिंकला हे आम्ही कधी विचारले नाही, कारण त्या मुलाच्या दृष्टीने दोन्ही तट हरलेच होते.

कायदा आपणांसही तोच नियम लावतो. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे हेतू बदलावयाचा अथवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हावयाचे, तर खास सभेच्या दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव सभासदांस पोचला पाहिजे. तीनपंचमांश मतांनी तो संमत झाला पाहिजे. आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी कायम झाला पाहिजे. मिळकत नोंदविलेल्या सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचे बंधन व धर्मादाय आयुक्तांची देखरेख आहेच. वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात हात वर केले, एवढ्याने वसतिगृह व विद्यार्थी-निधी नव्या सभेचा होत नाही.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. दोन्ही सभांच्या घटना व देणगीपत्रे एकत्र वाचावीत. ज्या दात्यांनी विशिष्ट अट घातली असेल, तिची स्वतंत्र नोंद करावी. आणि जे थोडे बांधव एकीकरणास नाखूष आहेत, त्यांना हसू नये, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे ऐकावे. स्कॉटलंडात ६४३ माणसांनी २७ जणांशी आधीच देवघेव केली असती, तर चार वर्षांचा खटला व त्यानंतरचा सारा पेच टळला असता.

आपल्या वाडवडिलांनी चार-चार आणे जमवून हे वसतिगृह बांधले. बहुमत आज या बाजूस असते, उद्या त्या बाजूस. दिलेला पैसा मात्र ज्या मुलांसाठी दिला, त्यांचाच राहिला पाहिजे. एवढे सांभाळून एकीकरण घडावे, हीच आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.