'नको' लिहायची जागा : टास्मानियातील हरित पक्षाची गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट आहे. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यातले हे सर्वांत लहान राज्य. त्याच्या नैऋत्येला, डोंगरांच्या कुशीत, पेडर नावाचे एक सरोवर होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाला गुलाबी झाक असलेल्या वाळूची सुमारे तीन किलोमीटर लांब पुळण उघडी पडे आणि तिच्यावर छोटी विमाने उतरत. १९५५ साली या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९७२ साली ते सरोवर बुडाले. सरोवर पाण्यात बुडाले हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण घडले तसेच. जलविद्युत प्रकल्पाच्या कितीतरी मोठ्या जलाशयाने त्याला पोटात घेतले.

जगातला पहिला हरित पक्ष याच घटनेतून जन्मला. पण 'निसर्गप्रेमींनी पक्ष काढला' एवढ्यावर थांबलो तर मुद्दा निसटतो. टास्मानियात निसर्गप्रेमी आधीपासून होते. लिथुआनियाहून आलेले छायाचित्रकार ओलेगास ट्रुखानास पेडरच्या पारदर्शिका दाखवून सभागृहे भरवत होते. अडचण वेगळी होती. स्वस्त वीज, त्या विजेवर जस्ताचे आणि ॲल्युमिनियमचे कारखाने, त्यांतून रोजगार, हे राज्याचे अधिकृत स्वप्न होते. जलविद्युत आयोग हे त्या स्वप्नाचे देऊळ, तर मजूर पक्षाचे एरिक रीस हे त्याचे निष्ठावंत पुजारी. लोक त्यांना 'इलेक्ट्रिक एरिक' म्हणत. १९६९ मध्ये त्यांची सत्ता गेली आणि लिबरल सरकार आले, तरी धरणाचे काम चालूच राहिले. धरण नको असलेल्या माणसाने मत कोणाला द्यायचे?

मराठी वाचकाला इथे मुळशी आठवेल. १९२१ चा तो सत्याग्रहही विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्धच होता. पण मुळशीत बुडत होती ती शेतकऱ्याची जमीन. पेडरच्या काठी त्या काळी गाव नव्हते. बुडणाऱ्यांना मत नव्हते, आणि ज्यांना मत होते त्यांचे घर बुडत नव्हते. अशा प्रश्नावर निवडणूक लढवायची ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती.

२३ मार्च १९७२ रोजी होबार्टच्या नगर सभागृहात जाहीर सभा झाली आणि 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' स्थापन झाला. नेतृत्व वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स यांच्याकडे होते. महिनाभरातच राज्याची निवडणूक आली. नवख्या पक्षाला ३.९ टक्के मते मिळाली, जागा एकही नाही, आणि मुख्यमंत्रिपदी पुन्हा रीसच आले. न्यूझीलंडचा 'व्हॅल्यूज पार्टी' हा पक्ष त्यानंतर दोनच महिन्यांनी निघाला. ज्यांच्यामुळे 'ग्रीन' हे नाव जगभर झाले त्या जर्मन हरितांचा पक्ष स्थापन व्हायला १९८० उजाडावे लागले.

या गटाने 'नवी नीती' नावाचा जाहीरनामा स्वीकारला होता. तो आज वाचताना जाणवते, की धरण हे त्यात निमित्तमात्र आहे. स्वतःच्या उपभोगाला आवर घालणे, सत्ता थोड्या हातांत साचू न देणे, वारशाने मिळालेले पुढच्यांसाठी राखणे, अशी ती प्रतिज्ञा आहे. अशा प्रतिज्ञेवर मते मिळत नाहीत, हे सांगायला राजकीय पंडित लागत नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये आंदोलनाच्या कार्यकर्त्या ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस एका जुन्या टायगर मॉथ विमानातून कॅनबेराकडे निघाले. राजधानीच्या आकाशात धुराने पेडर वाचवण्याची हाक लिहायची होती. विमान पोहोचलेच नाही. त्याचे अवशेषही सापडले नाहीत. घातपाताचा संशय तेव्हापासून बोलला जातो, पण तो कधी सिद्ध झाला नाही. पुढे केंद्रातल्या व्हिटलम सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने फेरविचार सुचवला. केंद्र पैसे द्यायला तयार होते, पण राज्य सरकारने नकार दिला.

पक्ष काही वर्षांत विझला, माणसे मात्र राहिली. १९७५ मध्ये त्याच्या वतीने सिनेटला उभे राहून हरलेले डॉक्टर बॉब ब्राउन पुढच्याच वर्षी वाइल्डरनेस सोसायटीच्या स्थापनेत पुढे होते. आता आयोगाची नजर फ्रँकलिन नदीकडे वळली होती. डिसेंबर १९८१ मध्ये सरकारने सार्वमत घेतले. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : धरण या जागी की त्या जागी? 'धरण नको' हा पर्यायच छापला नव्हता. मतदान सक्तीचे. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने 'धरण नको' असे लिहिले. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट हीच. १९७२ मध्ये पक्ष काढून जे करायचा प्रयत्न झाला, तेच इथे हजारो लोकांनी पेन्सिलीने केले.

पुढचे बरेच परिचित आहे. १९८२ च्या डिसेंबरात नदीवर नाकेबंदी सुरू झाली आणि बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यांत ब्राउनही होते. तुरुंगातून सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या एका जागेवर, फेरमोजणीने ते आमदार झाले. १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला आणि फ्रँकलिन वाचली.

हरित उमेदवार निवडून येऊ शकले याचे श्रेय भाषणांइतकेच गणिताला द्यावे लागते. टास्मानियात पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत आहे. पाच मतदारसंघ, प्रत्येकी सात जागा, म्हणजे साडेबारा टक्के मतांवर एक माणूस निवडून येतो. १९८९ मध्ये पाच हरित अपक्ष आले आणि सरकार कोणाचे हे त्यांच्या हाती गेले. त्यांना रोखण्यासाठी एडमंड राउस या वृत्तपत्रमालकाने मजूर पक्षाच्या एका आमदाराला १ लाख १० हजार डॉलरची लाच देऊ केली आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. मजूर–हरित करार झाला, पण जंगलतोडीच्या कोट्यावरून पुढच्याच वर्षी मोडला. 'टास्मानियन ग्रीन्स' हा रीतसर पक्ष १९९२ चा.

१९९८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून विधानसभा ३५ वरून २५ जागांवर आणली. कारण काटकसरीचे दिले गेले. मतदारसंघात सातऐवजी पाच जागा झाल्या, उंबरठा १६.७ टक्क्यांवर गेला आणि हरितांच्या चार जागांची एक झाली. काटकसर इतकी नेमकी एकाच पक्षाला भोवावी, हा योगायोग म्हणायला मन धजत नाही.

तरी २०१० मध्ये २१.६ टक्के मते घेऊन ते परतले आणि मजूर पक्षाबरोबर मंत्रिमंडळात बसले. मंत्रिपद मिळाले, तसे हात बांधलेही गेले. वृक्षतोड करणारे आणि पर्यावरणवादी यांच्यात तह घडला, जागतिक वारशात आणखी जंगल आले, पण तोडीवर पोट असलेल्या गावांत रोष साचला. २०१४ मध्ये पाचाचे तीन उरले. नकार देण्यासाठी जन्मलेल्या पक्षाला होकाराची किंमत तेव्हा कळली.

पुढे विधानसभा पुन्हा ३५ जागांची करण्यात आली. त्यानंतरची पहिली निवडणूक झाली २३ मार्च २०२४ रोजी, होबार्टच्या त्या सभेला बरोबर ५२ वर्षे होत होती. हरितांना पाच जागा मिळाल्या. पेडरचे पाणी सोडून मूळ सरोवर मोकळे करा, ही मागणी अजून उभी आहे. वर पसरलेल्या जलाशयाला मात्र नकाशात अजूनही नाव आहे : लेक पेडर.