तळ्यांच्या मातीवर धावलेली मुलं

बंगळूरला पाऊस दोनदा येतो. जूनमधला भुरभुरतो आणि निघून जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरचा मात्र संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो आणि सकाळी आकाश धुतल्यासारखं निघतं. राजाजीनगरातल्या आमच्या, फक्त मुलग्यांच्या शाळेचा क्रॉस कंट्रीचा आणि फुटबॉलचा मोसम याच दिवसांतला. गणपती गेले की सराव सुरू, दसऱ्याच्या सुट्टीआधी शर्यत, आणि सुट्टी संपली की कन्नड राज्योत्सवापर्यंत आंतरशालेय सामने. मी आधी त्या शाळेचा विद्यार्थी होतो, पुढे दुसरीकडे नोकरीभर पीटी मास्तर राहिलो. त्यामुळे हा मोसम मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे आणि तो कसा घडला, कशामुळे आटला, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

माझे वडील बेळगावचे. किर्लोस्कर इलेक्ट्रिक १९४६ साली बंगळूरला सुरू झाली. तिथे नोकरी लागली म्हणून ते इथे आले आणि आमचं घर राजाजीनगरात झालं. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाने वसवलेली ही वस्ती तेव्हा नवी होती. राजगोपालाचारींचं नाव, सरळ आखलेले रस्ते, एका अंगाला कारखाने आणि पश्चिमेला कॉर्ड रोड ओलांडला की थेट रागीची शेतं. शाळांना मैदानं लहान होती, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण कुंपणापलीकडे सगळा मोकळा मुलूख होता.

आमची शर्यत त्याच मुलखातून जायची. मास्तर पहाटे सायकलवरून पुढे जाऊन वळणावळणावर चुन्याची मूठ टाकत. पाऊस झाला की चुना वाहून जाई आणि मग पुढच्या मुलाच्या पाठीवर नजर ठेवून धावायचं. तळ्याच्या बांधावरून, शेताच्या कडेने, केतमारनहळ्ळीच्या बाजूने परत. तांबडी माती ओली झाली की तळव्याला थराथराने चिकटते. मैलभराने प्रत्येक पाय शेरभर जड व्हायचा. मग दगडावर तळवा घासून ती माती खरवडायची, पण थांबायचं किती, हा खरा प्रश्न. जो जास्त वेळा थांबला तो मागे पडला, आणि जो अजिबात थांबला नाही त्याचे पाय शेवटच्या चढावर उचलेनात. शहाणपणाने दम राखणं म्हणजे काय, ते मला त्या मातीने शिकवलं.

हा खेळ आला इंग्लंडातल्या मुलांच्या निवासी शाळांतून. श्रूजबरी आणि रग्बी या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलं 'ससा आणि शिकारी कुत्रे' खेळत: दोघं पुढे कागदाचे कपटे टाकत पळायचे, बाकीची टोळी माग काढत मागे. ऑलिंपिकमध्येही क्रॉस कंट्री होती. १९२४ साली पॅरिसच्या उन्हात ३८ धावपटू निघाले आणि १५ पोचले. त्यानंतर ती ऑलिंपिकमधून कायमची गेली. शाळांतून मात्र गेली नाही, कारण तिला खर्च नाही. लागते ती फक्त जमीन.

वडिलांना या शर्यतीचं अप्रूप वाटायचं ते बेळगावमुळे. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांच्या लहानपणचं दैवत. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारे खेड्यातले गडी दोराबजी टाटांनी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू पाठवायचं मनावर घेतलं. त्या चमूत बेळगावचे चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आज शंभरेक वर्षांनी हौशी धावपटूंना विचारा, ही वेळ गाठायला काय लागतं ते. वडील हा आकडा सेकंदांसह सांगत.

फुटबॉलची गोष्ट वेगळी, आणि ती कळायला बंगळूरचे दोन तुकडे लक्षात घ्यावे लागतात. १८०९ पासून इंग्रजांची छावणी पूर्वेला, जुनी पेठ पश्चिमेला, मध्ये कब्बन पार्क. सेंट जोसेफ्स (१८५८), बिशप कॉटन (१८६५), बाल्डविन (१८८०) या मुलांच्या शाळा छावणीच्या बाजूच्या. गोऱ्या पलटणी खेळायच्या, आणि कडेला उभी राहिलेली ऑस्टिन टाऊन, गौतमपुरा, शिवाजीनगरची पोरं बघून शिकायची. पेठेत गरडीमने होत्या, म्हणजे आपल्या तालमी, आणि तिथे कुस्ती चाले. कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉल उचलला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आजही शाहू स्टेडियममध्ये घुमतात. बंगळूरच्या गरडीमनेंनी तसं केलं नाही. छावणीतला चेंडू पार्क ओलांडून आमच्या बाजूला यायला कारखान्यांची वाट पाहावी लागली, असं माझं मत आहे.

पूर्वेच्या पोरांनी तोवर पराक्रम केला होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. १८९१ पासून चाललेल्या त्या स्पर्धेत तोवर पलटणींचीच सद्दी होती. ती मोडणारा हा पहिला भारतीय संघ, आणि पुढच्या वर्षी त्यांनी कप पुन्हा नेला. बंगळूरचे अहमद खान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळले. भारताचे बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी होते. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. तो एकमेव गोल अहमद खान यांचा होता.

आमच्याकडे बूट नव्हतेच. घोट्याला पट्टी बांधायची आणि उतरायचं. चेंडू कातड्याचा, आत रबरी फुगा, तोंड वादीने शिवलेलं. सामन्याआधी फुगा भरून, त्याची नळी दुमडून सुतळीने बांधायची, ती आत दडपायची आणि लोखंडी सुईने वादी ओढत तोंड आवळायचं. गाठ वर राहिली तर हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा वळ उठे. ऑक्टोबरच्या पावसात चेंडू पाणी प्यायचा आणि उत्तरार्धात गोलकीपरची गोल किक अर्ध्या मैदानापर्यंतही पोचत नसे. अशा वेळी कौशल्य मागे पडतं आणि दम पुढे येतो. आमचा संघ नवव्या-दहाव्या इयत्तेच्या मोठ्या पोरांना शेवटच्या दहा मिनिटांत गाठायचा तो बांधावरच्या धावण्याच्या जोरावर. मास्तरांचा नियमच होता: शर्यत पुरी केली नाही, तर संघात नाव नाही.

कारखान्यांमुळे खेळाला भाकरीही लागली. एचएएल, आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) या कारखान्यांचे संघ होते. चांगला खेळाडू म्हणजे नोकरी. म्हैसूरने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, राज्यसंघांची संतोष ट्रॉफी १९४६-४७ आणि १९५२-५३ ला जिंकली, मग १९६७-६८ ला, आणि १९६८-६९ ला बंगळूरच्याच मैदानावर बंगालला हरवून. त्या आठवड्यात वडिलांच्या कारखान्यात कन्नड, तमिळ, मराठी, सगळ्या भाषांत एकच विषय होता.

या शहराच्या खेळाखालची जमीन मुळात पाण्याची, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यावर उभं आहे, अशोकनगरचं फुटबॉल स्टेडियम शूले तळ्यावर, हॉकीचं अक्कितिम्मनहळ्ळी तळ्यावर. आटलेलं तळं म्हणजे सपाट, मऊ, कुणाच्या मालकीचं नसलेलं पटांगण. पोरं तिथे आधी खेळली, शासनाने भिंती मागाहून बांधल्या. आमचं केतमारनहळ्ळीचं तळं मैदान झालं नाही. ते वस्तीच्या पोटात गेलं. कॉर्ड रोडपलीकडच्या रागीवर बसवेश्वरनगर उभं राहिलं. किर्लोस्करांच्या जागेवर आज ओरायन मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. लोकांना घरं लागतात, कामं लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार शाळांबद्दल आहे. पलीकडचा मुलूख गेल्यावर कुंपणातली जमीन जिवापाड जपायला हवी होती. त्याऐवजी अनेक ठिकाणी तिथे नवी इमारत आली, बसगाड्या उभ्या राहिल्या, आणि आठवड्याचे दोन पीटीचे तास दहावीच्या वर्षी गणिताला दिले गेले. माझे तास असे गेले आहेत. मी भांडलो, काही वाचवले, बरेच गमावले.

तरी मोसम मेलेला नाही. १९६० साली हवाई दलाच्या सुब्रतो मुखर्जींच्या नावाने सुरू झालेला शाळकरी फुटबॉलचा सुब्रतो कप आजही होतो आणि त्याच्या खालच्या फेऱ्या गावोगाव खेळल्या जातात. आणि ४ मार्च २०२३ रोजी कर्नाटकाने रियाधमध्ये मेघालयाला ३-२ असं हरवून संतोष ट्रॉफी ५४ वर्षांनी परत आणली. त्या रात्री मी झोपलो नाही.

राजाजीनगरातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, मराठी आईबापांना माझी विनंती आहे. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा: शाळेने सुब्रतोच्या फेरीसाठी संघाचं नाव दिलं आहे का, आणि क्रॉस कंट्रीची शर्यत कधी आहे? मैदान नाही असं उत्तर आलं, तर रविवारी पहाटे एखाद्या बागेत किंवा तळ्याकाठच्या वाटेवर शर्यत घ्या म्हणावं, आणि चुना टाकायला तुम्ही स्वतः जा.