पंक्तीपासून मेजापर्यंत

समाजाची खरी स्थिति त्याच्या ग्रंथांवरून जितकी कळते, तितकीच त्यांतील माणसें कोणाबरोबर जेवतात यावरूनहि कळते. आज कचेरींतील सहकारी महिनाअखेर ज्या ‘गॅस्ट्रोपब’मध्यें एकत्र जेवावयास जातात, तो प्रकार मूळचा लंडनचा. १९९१ सालीं तेथील क्लार्कनवेल भागांत ‘द ईगल’ या जुन्या मद्यगृहांत पेल्याबरोबर चांगलें अन्नहि मिळूं लागलें, आणि त्यावरून हें नांव रूढ झालें. शब्द परका खरा. परंतु त्या मेजाभोंवतीं आपल्याकडील माणसें ज्या निर्वेधपणें बसतात, त्यामागें मात्र आपलाच दीड-पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वीं आपल्याकडे सहकारी निराळे व सहभोजी निराळे. एका टेबलावर लेखणी चालविणारे दोघे कारकून एका पंक्तीस बसतीलच असें नसे. मुंबईंत परमहंस मंडळीच्या सभासदांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जातिभेद मोडून एकत्र खाण्याचा उपक्रम केला, पण तो गुप्तपणें! १८६० सालीं सभासदांच्या नांवांची यादी चोरीस जातांच मंडळी भयानें पांगली. जेवणाची गोष्ट उघड होणें म्हणजे घरदार, सोयरीक व श्राद्धपक्ष यांवर पाणी सोडणें, असाच तो काळ होता.

त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९० च्या ऑक्टोबरांत, पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि एका पेल्यांतून मोठें ग्रामण्य उद्भवलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ सालीं तें घेतलें, आणि त्यांच्या सुधारक मित्रांस फार वाईट वाटलें. हायकोर्टाच्या पायरीपर्यंत पोंचलेला विद्वान् जेथें चहाच्या घोटापुढें नमला, तेथें सामान्य नोकरदाराची काय कथा?

वादविवादानें न झालेलें काम पुष्कळसें पोटानें केलें. मुंबईंत १८५४ नंतर कापडगिरण्या निघाल्या. कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले कामकरी खानावळींत जेवूं लागले. या खानावळी चालविणाऱ्यांत गिरणगांवांतील स्त्रियाच पुष्कळ होत्या. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस संघटित केलें. इराण्याच्या दुकानांत तर चहा पिणाऱ्यास ‘आपण कोण?’ असें कोणी विचारीत नसे. तरीहि सर्वत्र असें नव्हतें. विशिष्ट जातीच्या नांवाच्या पाट्या उपाहारगृहांवर झळकत, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसास निराळी कपबशी दाखविली जाई, किंवा दारच बंद असे.

तें दार कायद्यानें उघडलें तें २६ जानेवारी १९५० रोजीं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें हॉटेलें व सार्वजनिक उपाहारगृहें यांतील प्रवेशास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली, आणि १७ व्या कलमानें अस्पृश्यताच नाहींशी केली. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठीं जो लढा दिला, त्याचाच हा पुढला टप्पा होय.

गोंदिया जिल्ह्यांत नागझिऱ्याच्या अरण्याला लागून असलेल्या चोरखमाऱ्यासारख्या गांवाचा तरुण आज नागपुरास वा पुण्यास नोकरीस लागून अशा मेजावर बसूं शकतो, हें या सर्वांचें फळ. मात्र समाधान मानून स्वस्थ बसावें असेंहि नाहीं. जेथें जात विचारीत नाहींत तेथें खिसा विचारला जातो. देयक समान वांटून घेतांना कमी पगाराच्या सोबत्याचें मन ओशाळें होतें, न पिणाऱ्यासहि पेल्याचा भार उचलावा लागतो. शिवाय कचेरीच्या मेजावर मोडलेला पंक्तिभेद घरच्या लग्नकार्यांत पुन्हां डोकें वर काढीत नाहीं ना, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें. बाहेर एका ताटांतून घास घेणाऱ्या सहकाऱ्यास आपण आपल्या घरीं पानावर कितीदां बोलावलें, हीच या इतिहासाची खरी परीक्षा आहे.