दीपनगरची राख

आम्हा नशिराबादकरांना कोळशाची राख नवी नाही. शेजारचं भुसावळ हे एकेकाळी वाफेच्या इंजिनांचं गाव. इंजिन शेडमध्ये आलं की माणसं फायरबॉक्समधली राख आणि क्लिंकर ओढून काढायची, नळ्या साफ करायची. इंजिन वाफ धरेना, की नळ्या बुजल्यात हे जुन्या फायरमनला कळायचं.

मग दीपनगरचं वीज केंद्र उभं राहिलं. पहिला ६२.५ मेगावॅटचा संच १९६८ सालचा. १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन आले. इतक्या उंच, धगधगत्या बॉयलरमध्ये कोण डोकावणार? त्यात आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. ती अर्धवट वितळून नळ्यांना चिकटते. थर चढला की उष्णता नळीतल्या पाण्यात न जाता चिमणीकडे निघून जाते.

म्हणून इथे राख मोजतात ती तापमानावरून. बाहेर पडणारा वायू नेहमीपेक्षा गरम असेल, तर आत थर साचलाय. साधारण २२ अंश वाढले, की बॉयलरची कार्यक्षमता १ टक्क्याने घटते. कुठल्या भागातल्या नळ्यांनी किती उष्णता घेतली याचा हिशोब केला, की थर कुठे आहे तेही समजतं.

थर झाडायला सूट ब्लोअर असतात. लांब नळी आत सरकते, फिरते आणि वाफेचा झोत मारते. पूर्वी हे घड्याळ बघून, पाळीत ठरलेल्या वेळी व्हायचं. पण ती वाफही कोळसा जाळूनच मिळते. शिवाय स्वच्छ नळीवर झोत बसत राहिला तर नळी झिजून फुटते आणि संच बंद पडतो. म्हणून गरज असेल तिथेच झाडायचं, आणि ती गरज मोजमापावरून ठरवायची.

झाडलेली राख पुढे कुठे जाते? बरीचशी पाण्यात कालवून वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात गेली. १९९७ मध्ये नशिराबादला सिमेंटचा कारखाना आला. सिमेंटला बारीक राख चालते. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरमधल्या विटांमध्ये किमान २५ टक्के राख मिसळायला सांगितलं. तरी वेल्हाळ्याकडचे शेतकरी उडणाऱ्या राखेची तक्रार करतच आले.

बॉयलरमधल्या थराने कोळसा वाया जातो, म्हणून त्याचा हिशोब अंशाअंशाने ठेवतात. शेतातल्या पिकावर बसणाऱ्या थराचाही तसाच रोजचा हिशोब ठेवला जावा, एवढंच मला वाटतं.