सूर्यातला हेलिअम खाली बसतो त्याची गोष्ट

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून गेली. जमखिंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांत त्या वर्षी दिसलेली पिवळी रेषा सोडिअमची नव्हे, हे पुढे ठरले आणि लॉकियरने त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलिअम म्हटले. ही हकीकत वर्गात सांगताना विजयदुर्ग हमखास येतो; पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडातच होता!

सूर्यात हेलिअम आहे किती, हा प्रश्न मात्र बराच काळ अडून राहिला. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन. एवढ्या तापमानाला हेलिअमच्या रेषा नेहमीच्या सूर्यप्रकाशात उमटत नाहीत. शिवाय पृष्ठभागावरचे प्रमाण म्हणजे मूळचे प्रमाण, असेही नाही. जड अणू गुरुत्वाने खाली सरकतात, हायड्रोजन वर येतो. अणूंच्या टकरींमुळे हे विसरण अतिशय मंद चालते. १९६० साली ॲलर आणि चॅपमन यांनी सूर्यासाठी त्याचे गणित मांडले होते.

मोठ्या हंडीत रवी फक्त वरच्या थरात फिरते आहे, अशी कल्पना करा. सूर्याच्या त्रिज्येचा बाहेरचा सुमारे २९ टक्के भाग अभिसरणाने असाच घुसळला जातो. त्याच्या तळातून शांत भागात निसटलेला हेलिअम सहसा परत येत नाही. म्हणून वरचा सगळा थरच हेलिअमला हळूहळू मुकतो.

याचा पडताळा प्रकाशाने नव्हे, ध्वनीने दिला. सूर्य सतत कंप पावतो; मुख्य कंपने साधारण पाच मिनिटांची. हेलिअमचे आयनीकरण जिथे होते तिथे ध्वनीच्या वेगात किंचित फरक पडतो, आणि त्या फरकावरून हेलिअम मोजता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अँटिया आणि मुंबईतच पीएच.डी. केलेल्या सरबानी बसू यांनी १९९५ साली तो वस्तुमानाने २५ टक्क्यांच्या जरा खाली असल्याचे दाखवले. सूर्य जन्मला तेव्हा हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास असावे. ४६० कोटी वर्षांत एवढाच निचरा!

मग लिथिअमचे काय? तो सुमारे २५ लाख अंशांना नष्ट होतो. घुसळणाऱ्या थराचा तळ त्याहून थंड आहे, तरी पृष्ठभागावर लिथिअम उल्कापाषाणांतल्यापेक्षा दीडशेपट कमी! म्हणजे तळाखालीही थोडी ढवळाढवळ होत असली पाहिजे. अँटिया आणि शशिकुमार चित्रे यांनी १९९८ साली कंपनांवरून सूर्याच्या अंतर्भागातले तापमान व हायड्रोजनचे प्रमाण काढले, तेव्हा तळालगत अशा मिश्रणाचीच चिन्हे मिळाली. चित्रे निवृत्तीनंतर सांताक्रूझच्या कालिना परिसरात मुंबई विद्यापीठात शिकवत. २०२१ साली ते गेले.

इथे सगळे जुळले असे वाटत असतानाच २००५ साली वर्णपटाच्या नव्या अभ्यासाने सूर्यातील जड मूलद्रव्ये सुमारे १.२ टक्क्यांवर आणली. त्या आकड्याने केलेली प्रतिकृती कंपनांशी जुळेना. अँटिया-बसूंनी २००६ साली कंपनांवरून १.७ टक्के काढले. त्यानंतर वर्णपटाचा आकडा पुन्हा वर सरकला आहे, पण किती वर, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.