फुकट शाळेचं बिल

सॉफ्टवेअरमध्ये काम करून एक सवय लागते. काहीही फुकट दिसलं की आधी डोक्यात येतं, सर्व्हरचं बिल कोण भरतंय? इतिहास वाचतानाही ती सुटत नाही. म्हणून जोतीराव फुल्यांच्या नगरच्या त्या प्रसिद्ध भेटीपाशी मी अडकलो.

प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. मित्र सदाशिव गोवंडे तेव्हा अहमदनगरला नोकरीत होते. जोतीराव तिथे गेले, अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. पाठ्यपुस्तकात फरारबाई एका वाक्यात येऊन जातात.

सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या. लग्न केलं नाही. १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या शाळांचे पैसे बोस्टनहून यायचे. तिकडच्या चर्चमध्ये भाविकांनी गोळा केलेली वर्गणी, आणि ती येशूचा संदेश पोचावा म्हणून दिलेली. यात लपवाछपवी काही नव्हती. पण देणाऱ्याचा हिशेब आणि शिकणाऱ्याचा हिशेब वेगळा होता. मुलीला अक्षरं हवी होती. बोस्टनला ख्रिस्ती माणसं.

मग १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः पाहणीला आले. शाळांवरचा खर्च फार आणि धर्मांतरं थोडी, असं त्यांचं मत. इंग्रजी शाळा बंद कराव्यात, भर मराठीतल्या धर्मप्रचारावर द्यावा, असं ठरलं. ज्यांच्या वर्गाबद्दल हे ठरत होतं, त्या पोरांना कोण विचारणार? (आमच्याकडेही प्रॉडक्ट असंच बंद होतं. वापरणाऱ्याला ईमेल येतो.)

मिशनला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. पण समोर दुसरं काय होतं ते बघा. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारनेही तो नकार उचलून धरला. रयतेच्या पैशावरची शाळा बंद, परक्यांच्या वर्गणीवरची उघडी. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला तो मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ने.

फुल्यांच्या शाळांचं बिलही वर्गणीवरच होतं. काही एतद्देशीय देणगीदार, काही युरोपियन आणि सरकारच्या दक्षिणा फंडातून महिन्याला ७५ रुपये. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या देणग्या आटल्या, सरकारचा हातही आखडला. अभ्यासक्रमावरून मतभेद होऊन जोतीराव व्यवस्थापनातून आधीच बाहेर पडले होते. शाळा टिकल्या नाहीत.

मला वाटतं, हा फटका ते विसरले नाहीत. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत काही वर्षं शिकवलंही. तरी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आणखी मिशन शाळा मागितल्या नाहीत, की दानशूर माणसंही. सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी मांडलं. मागणी होती ती निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची.

बिल शेतकरी आधीच भरत होता. जोतीरावांनी फक्त पावती पुढे केली.